पॅलेस्टाईन, ता. मोताळा

या देशात नुसतं दुःख असून भागत नाही, त्याला विषय असावा लागतो. विषयाखाली संदर्भ, संदर्भाखाली महोदय आणि सगळ्यात शेवटी 'आपली विश्वासू'. एवढा जामानिमा ज्याच्याजवळ आहे, ते दुःख निवेदन होतं आणि आवक क्रमांक घेऊन मानाने जगतं. बाकीची दुःखं घरीच राहतात. ही व्यवस्था फार चांगली आहे, कारण तिच्यामुळे कोणाचं दुःख कोणत्या टेबलावर आहे ते कळतं. (दूर झालं का, हे दुसऱ्या विभागाकडे आहे.)

जयमालाताईंना हे पुरतं ठाऊक होतं. मोताळ्याहून रोहिणखेडला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात त्या एकोणीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. त्यांना एक वजनकाटा, एक मोबाइल आणि लेकरांच्या दंडाचा घेर मोजायची एक पट्टी मिळाली होती. पट्टीवर तीन रंग. हिरवा म्हणजे लेकरू धडधाकट, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, आणि साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल. ताईंनी इतके दंड मोजले होते की कुणाच्या लग्नाला गेल्या तरी त्यांची नजर नवरीच्या शालूआधी कडेवरच्या पोरांच्या दंडांवर जायची.

लालचा नियम कडक होता. 'असे बालक ज्याच्या निदर्शनास येईल त्याने त्याच दिवशी नोंद करावी.' त्याखाली एक रकाना होता, 'यापूर्वी हे बालक कोणाकोणाच्या निदर्शनास आले होते?' चूक कोणाची हे ठरवायला तो केला होता, त्यामुळे तो कोणी कधी भरत नसे.

एका मंगळवारी महिला मंडळाच्या ग्रुपवर, शुभ सकाळ आणि ब्लाउजच्या गळ्यांच्या नमुन्यांच्या मधोमध, गाझातल्या एका पोराचा फोटो आला. बापाने त्याचा दंड दोन बोटांत धरला होता. ग्रुपमधल्या दोनशे चौदा बायकांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. जयमालाताईंनी पाठवलं नाही. त्यांच्या तोंडून नुसतं निघालं, "साडेनऊ." मग त्या खिचडीच्या पातेल्यापाशी बसून पोटभर रडल्या, डोळे पुसले आणि मोबाइलमधलं नोंदीचं ॲप उघडलं. नियमात 'निदर्शनास येईल' असं होतं. कुठे, ते लिहिलं नव्हतं.

बालकाचे नाव: बाळ. वय: अंदाजे चार. इथवर ॲपने कुरकुर केली नाही. पुढचा रकाना 'राज्य' होता. यादी आंध्रापासून सुरू झाली, ती घरंगळत पश्चिम बंगालपर्यंत गेली. पॅलेस्टाईन त्यात नव्हतं. खाली लाल अक्षरं आली, 'कृपया राज्य निवडा. राज्याशिवाय आहार मंजूर होणार नाही.'

जगातले मोठमोठे विद्वान कित्येक वर्षं ज्या निष्कर्षाभोवती घिरट्या घालत आहेत, तिथे जयमालाताई सकाळी पावणेअकराला, एका बोटाने, पोचल्या. पोराला जेवायला द्यायचं तर आधी राज्य पाहिजे.

त्यांनी पर्यवेक्षिका पुष्पांजली मॅडमना गाठलं. "मॅडम, एक लाल पोरगं अडून राह्यलं."

मॅडमनी फोटो पाहिला आणि मोबाइल पालथा ठेवला. "जयमाला, हे आपल्या क्षेत्रात येत नाई."

"मंग कोनाच्या क्षेत्रात येते?"

"त्याच्यावरच तं भांडन हाय सारं."

"भांडन मिटेपर्यंत पोरगं काय खाईन, मॅडम?"

मॅडमनी मोबाइल तसाच पालथा राहू दिला आणि मार्गदर्शन केलं. "राज्यगिज्य आपल्या हातात नाई. आमदारसाहेबाले निवेदन दे."

ताईंनी निवेदन लिहिलं. विषय: पॅलेस्टाईनला राज्याचा दर्जा मिळून तेथील बालकांना पूरक पोषण आहार तात्काळ सुरू होणेबाबत. संदर्भ: फोटो.

साहेबांच्या संपर्क कार्यालयाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. वर्षाला अकरा हजार निवेदनं येतात. चार हजार हायमास्ट दिव्यासाठी, तीन हजार सभामंडपासाठी, अडीच हजार बदलीसाठी, आणि उरलेली आधीच्या निवेदनाचं काय झालं हे विचारायला. एकही निवेदन परत जात नाही. (कपाटं मोठी आहेत.) साहेबांचा पीए हर्षल प्रत्येक निवेदनाचा विषय स्वतः वाचतो. खालचं वाचायची त्याला कधी गरज पडली नाही.

"राज्याचा दर्जा? ताई, विदर्भाचं निवेदन तिकडं, त्या ढिगात ठेवा." त्या ढिगावर टेबलफॅन ठेवला होता. उंची अगदी बरोबर जमली होती.

"विदर्भाचं नाई दादा, पॅलेस्टाईनचं."

"मतदार किती?"

"राज्यच नाई, तं यादी कुठून राहीन?"

हर्षलने आवाज उतरवला. "अन् ते लोक आपले हायत, का त्याईचे?"

ताईंनी पिशवीतून पट्टी काढून टेबलावर ठेवली. "याच्यावर तीनच रंग हायत, दादा. तुमी इचारून राह्यले तो रंग याच्यात नाई."

तेवढ्यात साहेब आले. निवेदन देण्याची रीत अशी की कागदाला सगळ्यांनी एकेक बोट लावायचं आणि कॅमेऱ्याकडे पाहायचं. कागदाकडे कोणी पाहिलं तर फोटो बिघडतो. ताईंनी फोटो बिघडवला. पट्टीचं साडेनऊचं कडं केलं आणि म्हणाल्या, "साहेब, बोट घाला याच्यात."

साहेबांची दोन बोटं गेली. तिसरं गेलं नाही.

"हा त्याचा दंड हाय," ताई म्हणाल्या.

साहेब अकरा सेकंद कॅमेऱ्याऐवजी त्या कड्याकडे पाहत राहिले. (हर्षलच्या माहितीप्रमाणे हा त्यांच्या कारकिर्दीतला विक्रम आहे.) त्यांना मनापासून वाईट वाटलं. मग ते म्हणाले, "करू."

साहेबांचा शब्द म्हणजे शब्द. 'शिफारस' असा शेरा घेऊन कागद वर गेला आणि शंका घेऊन खाली आला. सदर गाव कोणत्या तालुक्यात? हर्षलने अर्जदाराचा तालुका लिहिला. कोणता दर्जा हवा? छापील नमुन्यात महसुली गाव, क वर्ग पर्यटनस्थळ आणि क वर्ग तीर्थक्षेत्र एवढेच दर्जे होते; राज्य नव्हतं. हर्षलने मोबाइलवर शोध घेतला. ठिकाण अतिप्राचीन. तीन धर्मांचे भाविक येतात. पाण्याची तीव्र टंचाई. त्याने गाव आणि तीर्थक्षेत्र अशा दोन्ही चौकटींत खूण केली. एवढी सबळ केस त्या टेबलावर आधी कधी आलीच नव्हती.

सात महिन्यांत रोहिणखेड रस्त्याच्या एका फाट्यावर हायमास्ट उभा राहिला, पेव्हर ब्लॉक बसले, आणि प्रवासी निवाऱ्यावर पाटी लागली: 'पॅलेस्टाईन (क वर्ग)'. लोकार्पणाला साहेबांनी फीत कापून माइक हातात घेतला. "मोठमोठ्या देशांनी नुसते ठराव केले. आपण पेव्हर ब्लॉक टाकले!" टाळ्या थांबेनात. तेव्हापासून एसटीही तिथे थांबते. मोताळ्याच्या बाजाराहून भाजीचं गाठोडं घेऊन येणाऱ्या तानुबाई कंडक्टरला म्हणतात, "एक अर्धं पॅलेस्टाईन दे बापा," आणि तो वाद न घालता देतो. (असा तोडगा इतरत्र निघाल्याचं ऐकिवात नाही.)

जयमालाताईंनी पुन्हा ॲप उघडलं. राज्य महाराष्ट्र, जिल्हा बुलढाणा, तालुका मोताळा. गावांच्या यादीत पॅलेस्टाईन होतं. त्यांनी बोट दाबलं, आणि हिरवी अक्षरं आली: 'नोंद यशस्वी. आहार मंजूर.' ताई एवढ्या हरखल्या की अंगणवाडीतल्या बत्तीस पोरांच्या हातावर त्यांनी साखर ठेवली.

मग खालची ओळ दिसली. 'बालकास चेहरा पडताळणीसाठी समक्ष हजर करावे. तीस दिवसांत न आल्यास नाव वगळण्यात येईल.'

ताई रोज अकराच्या गाडीला खिचडीचा डबा आणि पट्टी घेऊन फाट्यावर बसू लागल्या. कंडक्टर ओरडायचा, "चला, पॅलेस्टाईनवाले उतरा!" तानुबाई उतरायच्या. पोरगं उतरायचं नाही.

तिसाव्या दिवशी ॲपने नाव वगळायचं कारण विचारलं: स्थलांतरित, की मयत? ताईंनी एकही दाबलं नाही. घाम पुसत त्या सगळे रकाने वरखाली करत राहिल्या, आणि कोणी कधीच न भरलेल्या त्या रकान्याखाली त्यांना बारीक अक्षरं सापडली. 'यापूर्वी बालक ज्यांच्या निदर्शनास आले, त्यांच्या प्रत्येक नावामागे चौकशीसाठी एक दिवस मुदतवाढ मिळेल.'

त्यांनी पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुष्पांजली मॅडमचं, मग हर्षलचं, मग साहेबांचं. नंतर महिला मंडळातल्या दोनशे चौदा बायका, रोज एक. पोरगं या कुशल व्यवस्थेत आजतागायत लाभार्थी आहे.

ती नावं काल संपली. फोटो तुमच्याही मोबाइलवर आला होता. अंगठा त्यावर किती वेळ थांबला, हे ॲप विचारत नाही. ताई फाट्यावर मोबाइल उघडून बसल्या आहेत, अकराची गाडी यायची आहे. फक्त नाव सांगा. आधारवर आहे तसंच.