विनयने आखलेली वाट

कुत्र्यांसाठी वाट आखायची असेल, तर ती कुत्र्याला विचारूनच आखली पाहिजे, हा सिद्धान्त निवृत्त भूमापकांनी सकाळच्या चहाबरोबर मांडला. त्यांच्या पत्नीने कपावर बशी झाकली.

"आणि तो काय उत्तर देणार?"

"तो चालेल. मी मागे राहून खुणा करीन."

"जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यात. आता कुत्र्याच्या मागे रंगाचा डबा घेऊन फिरा."

भूमापकांनी हे बोलणे उदार मनाने सोडून दिले. नद्या आणि तळी यांनी वेढलेल्या त्या शांत गावी, कुत्र्यांना घेऊन पायी भटकणाऱ्या मंडळींसाठी एक वाट तयार करायची, असे पर्यटन कार्यालयाने ठरवले होते. तिला एक राखणदारही नेमायचा होता. वाट पसंत पडली, तर ते पद आपल्यालाच मिळणार, याविषयी भूमापकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि ते मिळणे अत्यंत निकडीचे होते. शहरातल्या मुलीने आईवडिलांसाठी उंचावरच्या मजल्यावर एक खोली सजवून ठेवली होती, आणि त्या इमारतीत कुत्र्यांना प्रवेश नव्हता. "येत्या रविवारी पाहणी आहे. पद मिळाले तर आपण इथेच राहू. नाही मिळाले, तर विनयला कुणाच्या तरी हवाली करून मी मुकाट्याने गाडीत बसेन," असा शब्द ते पत्नीला देऊन बसले होते.

विनय हा त्यांचा कुत्रा. तपकिरी, रुंद पाठीचा, चेहऱ्यावर सदैव काहीतरी गहन आठवत असल्याचा भाव असलेला. शिस्त हा विद्येचा पाया आहे, या श्रद्धेने भूमापकांनी त्याचे नाव ठेवले होते. "माझ्या हाताशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नाही," हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून सांगत.

या विनयविषयी एकच कोडे त्यांना छळत असे. गुरांच्या डॉक्टरांनी त्याचे वजन पाहून जेवण निम्मे करायला सांगितले. भूमापकांनी निम्मे केले. विनय वाढला. त्यांनी त्याचेही निम्मे केले. विनय आणखी वाढला. अखेर त्यांनी डॉक्टरांच्या वजनकाट्याविषयीच शंका काढली.

वाट आखण्याच्या दिवशी या कोड्याला दुसरे कोडे येऊन मिळाले. सकाळी विनयचा पट्टा सोडला, तसा तो घरासमोरच्या लाकडी पुलावरून पलीकडच्या काठावर गेला. भूमापक पिवळ्या रंगाचे बाण काढत मागून निघाले. रंगाचा ओघळ पुसून बाण सरळ होईपर्यंत ते हलत नसत, त्यामुळे विनय पुष्कळ पुढे असे. पावाच्या भट्टीमागे तो ओठ चाटत बसलेला सापडला. 'नैसर्गिक विश्रांतिस्थान,' असे भूमापकांनी नकाशावर नोंदवले. पुढे नदी तळ्याला मिळते तिथल्या धक्क्यापर्यंत त्याची पावले दिसली, आणि मग तो दिसेनासाच झाला.

भूमापकांनी हाका मारमारून घसा कोरडा केला. शेवटी पुलापर्यंत परत फिरून, धापा टाकत ते घराच्या बाजूच्या काठावर आले, तर विनय लव्हाळ्यात गाढ झोपलेला. त्यांनी वाकून त्याच्या पोटाला हात लावला. पोट कोरडे ठणठणीत होते.

नदी ओलांडली आणि अंग भिजले नाही, याचा अर्थ काय? त्या संध्याकाळी ते चिंतनात एवढे बुडाले, की चहात मीठ पडलेलेही त्यांना कळले नाही. अखेर त्यांना उलगडा झाला. पाण्याखाली खडकांची एखादी अज्ञात ओळ असली पाहिजे, जिच्यावरून प्राण्यांना अंगाला पाणी न लागता पार होता येते. नकाशावर त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिले: 'गुप्त उतार'.

रविवारी पाहणीसाठी पर्यटन अधिकारी बाई आल्या. बरोबर त्यांचा छोटासा पांढरा कुत्रा, आणि आपापली कुत्री घेतलेली चार हौशी मंडळी. बाईंनी आधीच सांगून टाकले, "आमचा हा फार लाजाळू आहे. परक्या जागी पाऊल उचलत नाही."

"विनयकडे पाहून शिकेल," भूमापक म्हणाले.

पावाच्या भट्टीमागे सगळे पोहोचतात न पोहोचतात, तोच मागचे दार उघडले आणि कोपरापर्यंत पीठ माखलेली भट्टीवाली बाहेर आली. "आलास का रे पाहुण्या? आणि आज एवढी पलटण कशाला आणलीस?"

तिने कडक टोस्टचे तुकडे दारापाशी ठेवले. विनयने ते एका दमात संपवले.

भूमापकांनी घसा साफ केला. "हे कसे शक्य आहे? तो माझ्या हाताशिवाय कुणाच्या हातचे खात नाही."

"हो ना," भट्टीवाली म्हणाली, "म्हणून तर मी हातात देत नाही, खाली ठेवते."

एवढ्यात बाकीच्या कुत्र्यांनी दारातून आत डोकावले, आणि आतला एक मोठा ट्रे जमिनीवर आला. जे ऐकू आले ते टोस्ट पडल्याचे नव्हते, खाल्ल्याचे होते. लाजाळू कुत्रा आत सर्वांत पुढे होता. त्याला बाहेर काढायला बाईंना गुडघ्यांवर बसावे लागले.

"विश्रांतिस्थान," नकाशा वाचत बाई म्हणाल्या, आणि बाहीवरचे पीठ झटकू लागल्या.

धक्क्यावर नावाडी होडीचा दोर सोडत होता. वल्ही अजून धक्क्यावरच पडली होती. "या भागीदार," तो म्हणाला. "मासळीची टोपली तयार आहे."

भूमापकांना अघटिताची चाहूल लागली, पण विनयला त्यांच्याआधी लागली होती. त्याने सराईतासारखी होडीच्या टोकावर उडी घेतली. पाठोपाठ सगळी कुत्री गेली. पांढऱ्या कुत्र्याची दोरी मनगटाला गुंडाळलेल्या अधिकारी बाई गेल्या, आणि त्यांना सावरायला हात पुढे केलेले भूमापकही गेले. होडी धक्क्यापासून सुटली. नावाडी दोन्ही वल्ही घेऊन काठावर उभा राहिला.

"घाबरू नका काका," तो शांतपणे ओरडला. "वारा पलीकडच्या काठाकडेच वाहतोय. अशीही रोज तिकडेच लागते ती. भागीदाराला विचारा."

होडी संथपणे तळ्याच्या मुखावरून वाहू लागली. टोपलीभोवती कुत्र्यांचे एकमत झाले होते. बाईंनी पुन्हा नकाशा उघडला.

"काका, इथे गुप्त उतार लिहिलंय."

"हो."

"तो हाच का?"

भूमापकांनी पाण्यात पाहिले. तळ दिसत नव्हता. कुत्रा कोरडा का, हे मात्र आता स्वच्छ दिसत होते, आणि जाड का, तेही. एका क्षणात दोन्ही कोडी सुटल्याचा जो आनंद संशोधकाला व्हायला हवा, तो त्यांना झाला नाही.

"हाच," ते म्हणाले.

होडी लव्हाळ्यात रुतली. चिखलातून एकेक पाय उपटत सगळी वरात झाडीतून चढून गेली आणि विनयच्या मागोमाग जिथे पोहोचली, ते भूमापकांच्याच स्वयंपाकघराचे मागचे दार होते. दारात त्यांची पत्नी दूधपावाची ताटली घेऊन उभी होती.

"आज उशीर केलास रे बाळा, दूध गार—" आणि तिला मागची मंडळी दिसली.

"अगं, तूसुद्धा?" भूमापक म्हणाले.

"तुम्ही त्याचं निम्मं काढून ठेवत होतात. ते उरलेलं निम्मं मी काय फेकून द्यायचं?"

भूमापक पायरीवर बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर उंच मजल्यावरची ती खोली उभी राहिली, आणि तिच्या दारात विनय नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि अधिकारी बाईंना म्हणाले, "मॅडम, तुम्हाला फसवण्यात अर्थ नाही. या वाटेत शास्त्र काही नाही. माझा कुत्रा खादाड आहे, एवढेच काय ते यातून सिद्ध होते."

बाईंनी अंगणाकडे पाहिले. परक्या जागी पाऊल न उचलणारा त्यांचा कुत्रा तुळशीवृंदावनाला टेकून घोरत होता.

"कुत्र्यांना येऊ देतात अशा वाटा मी पुष्कळ पाहिल्यात, काका. कुत्रा येणार म्हणून माणसं दार उघडून उभी असतात, अशी ही पहिलीच. वाट मंजूर. होडीला तेवढा माणूस ठेवा."

भूमापक उभे राहिले. "आणि राखणदार?"

"राखणदार म्हणून मला असा माणूस हवा, ज्याचं कुत्री ऐकतात."

सर्वांनी वळून पाहिले. चिखलाने माखलेली सगळी कुत्री भूमापकांच्या पत्नीभोवती गोल करून, शाळेत बसावे तशी, हूं का चूं न करता बसली होती. विनय पहिल्या ओळीत होता.

संध्याकाळी शहरातून मुलीचा फोन आला. "अगं, मला कसं जमणार यायला?" तिची आई म्हणाली. "माझी नोकरी आहे. तुझ्या बाबांना हवं तर विचारते." मग फोनवर हात ठेवून तिने नवऱ्याकडे पाहिले. भूमापकांनी जोरजोराने नकारार्थी मान हलवली.

तेव्हापासून दररोज सकाळी, राखणदारबाईंच्या आज्ञेवरून, भूमापक विनयबरोबर ती वाट चालतात. नकाशावरचा गुप्त उतार त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला. मध्यंतरी एका नव्या पांथस्थाने भट्टीवालीला विचारले, ही वाट ज्यांनी आखली ते विख्यात भूमापक कुठे राहतात? भट्टीवालीने बराच विचार केला. भूमापक असे कुणी तिच्या ओळखीचे नव्हते. मग एकदम तिला आठवले.

"पाहुण्याबरोबर एक गृहस्थ असतात, ते का?"

तिथेच उभ्या असलेल्या भूमापकांच्या तोंडात टोस्ट होता. त्यामुळे त्यांना केवळ मान हलवून होकार देता आला.