धाकू पाडेलीचं आजारी कलम

धाकू पाडेली माणसांना अरे-तुरे करायचा आणि झाडांना अहो-जाहो. यात लहानथोर असा भेद नव्हता. मुन्सफसाहेबांना तो खुशाल ‘काय रे’ म्हणे, आणि कोर्टाच्या मागच्या म्हाताऱ्या फणसासमोर मात्र डोकीचं मुंडासं काढून ‘बरं हाय ना आपलं?’ असं विचारी. फणसाचं उत्तर त्याला ऐकू येत असावं. कारण कधी तो मान डोलवून पुढे जाई आणि कधी कोयती काढून कामालाच लागे.

माडावर चढून नारळ पाडतो तो पाडेली. पण धाकूला नुसतं पाडेली म्हटलं की त्याला राग यायचा. “पाडायला वारापण पाडतो. मी झाडांचा वैद्य हाय,” असं तो म्हणे. आणि ते खोटं नव्हतं. आंब्याचं बांडगूळ काढणं, भिरुडाने पोखरलेलं खोड साफ करणं, वादळात फाटलेली फांदी बांधणं, यात त्याचा हात धरणारा अख्ख्या रत्नागिरीत कुणी नव्हता. त्या काळी माणसांचा डॉक्टर बोलावला तर येईलच अशी खात्री नसे. धाकू न बोलावता यायचा.

त्याचा सरंजाम ठरलेला. पायात अडकवायचं सुंभाचं कडं, खांद्यावर काथ्याचा दोर, कमरेला लाकडाची आकडी आणि तिच्यात अडकवलेली कोयती. रोज सकाळी तो दोराचा वीत न् वीत बोटांनी चाचपून बघे, मग तो एखाद्या खालच्या फांदीवर टाकून स्वतः त्याला लोंबकळे. त्याला असं लोंबकळताना पाहून एका परगावच्या बाईंनी एकदा बोंब मारून सगळी आळी गोळा केली होती. आमच्या शेजाऱ्यांनी विहिरीत पडलेली कळशी काढायला तो दोर मागितला, तर म्हणाला, “दोर आनि दात मी उसने देत नाय.”

मी तेव्हा कोर्टात कारकून होतो. आमच्या परसातल्या आंब्याच्या बुंध्याशी भुसा पडायला लागला, म्हणून मी धाकूला बोलावलं. आल्या आल्या त्याने मला विचारलं, “ताप कुणाला हाय, तुला की त्यांना?” हा त्याचा ठरलेला प्रश्न. आंब्याला, असं मी सांगितलं. “मग तू बाजूला हो.”

त्याने खोडाला हात जोडले, कोयतीच्या पाठीने टकटक केली आणि कान लावला. आई चहा घेऊन आली. “थांब गो, त्यांचं बोलनं संपू दे,” धाकू म्हणाला. आई मुकाट्याने थांबली. वडिलांसाठीही ती कधी थांबल्याचं मला आठवत नाही. मग त्याने आकडा केलेली तार भोकात घातली आणि एक बोटभर लांब, लठ्ठ, पांढरी अळी ओढून काढून तळहातावर सगळ्यांना दाखवली. भोक शेणमातीने लिंपलं आणि पथ्य सांगितलं, “पंधरा दिस ह्यांच्याखाली भांडायचा नाय.”

हे पथ्य त्याला कुणी सुचवलं देव जाणे. आई आणि काकू यांची रोजची जुंपायची जागा नेमकी तीच होती. दोघींनी पंधरा दिवस कडक पथ्य पाळलं आणि सगळं भांडण विहिरीपाशी नेलं. आंबा सुधारला. काकूचं म्हणणं असं की त्यानंतर विहिरीचं पाणी मचूळ झालं.

त्याच खेपेला तो बांडगूळ काढायला वर चढला होता. पडवीत काकूचे एक लांबचे मावसभाऊ बसले होते. चार दिवसांसाठी म्हणून आले होते, त्याला पाच महिने झाले होते. धाकू दोरावरून खाली उतरला, त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि मला म्हणाला, “वरचा बांडगूळ मी काडला. खालचा तुजा तू बग.” पाहुणे दुसऱ्या दिवशीच्या आगबोटीने मुंबईला गेले.

असा हा माणूस साक्षीदार म्हणून आमच्या कोर्टात आला.

दावा दोन सख्ख्या भावांचा. बापाने मरताना बागेची वाटणी केली, मध्ये दगडांचा गडगा घातला, आणि हापूसचं एक तरणं कलम नेमकं त्या गडग्याच्या रेषेत आलं. त्याला पहिला मोहर आला आणि भाऊ पेटले. थोरला बागेत राहणारा, धाकटा मुंबईला गोदीत नोकरीला. थोरला म्हणे मुळं माझ्याकडे, धाकटा म्हणे सावली माझ्याकडे. शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की आपल्याला मिळत नसेल तर दुसऱ्यालाही मिळू नये. दोघांनी आपापल्या कुऱ्हाडींना धार लावून ठेवली होती. बापाच्या वेळेपासून त्या बागेत राबणारा माणूस म्हणून धाकूची साक्ष निघाली.

मुन्सफसाहेब घाटावरचे, नवीन होते. त्यांनी वकिलाला विचारलं, “हा दावा कोणत्या कलमाखाली येतो?”

वकिलाने पुस्तक उघडायच्या आत धाकू पिंजऱ्यातून म्हणाला, “कलमाखाली काय येतोय? कलमाखाली नुसती वाळवी हाय. दावा कलमावरच हाय ना रे!”

पट्टेवाल्यासकट सगळं कोर्ट हसलं. साहेबांना त्यातलं काय कळलं ते कळलं नाही, पण त्यांनी चष्मा पुसला आणि झाडाबद्दल काय ते सांग म्हणाले. आणि मग धाकूचा आवाज बदलला. “त्यांचा काय खरा नाय,” तो म्हणाला. “भिरूड गाभ्यात गेलाय. एक पावसाळा काडतील, फार तर दोन. मरतंय त्याच्यावर कुऱ्हाड कशाला घालता? सुखानं जाऊ दे त्यांना.”

मरणाऱ्या झाडासाठी कोण भांडणार? तडजोड झाली. झाड आपल्या मरणाने मरेपर्यंत कुणी त्याला हत्यार लावायचं नाही, असं लिहून दोघांनी सह्या केल्या.

त्याला सहा वर्षं झाली तरी झाड मरतच होतं. धाकटा मे महिन्यात मुंबईहून आला की विचारी, “अजून आहे?” आणि धाकू मान खाली घालून सांगे, “आजचा उद्यावर हाय.” खोडाला शेणमातीचा जाड लेप, फांद्यांना गोणपाटाच्या पट्ट्या, वर डांबराचे डाग. जाणारी-येणारी माणसं त्या झाडापाशी हळू बोलत.

एका माघात मी धाकूला शोधत तिकडे गेलो. थोरला दर माघासारखा महिनाभर परगावी गेला होता. बघतो तर धाकू कलमावर दोर टाकून बसलेला आणि मोहर खुडून खुडून गोणीत भरतोय. मोहर म्हणजे किती! सगळं झाड पिवळं झालेलं. ही काही मरणाऱ्याची लक्षणं नव्हती. मी खोडावरचा लेप जरा खरवडला. आत साल गुळगुळीत आणि रसरशीत होती, भोकाचा पत्ता नव्हता.

“धाकू,” मी ओरडलो, “झाड ठणठणीत आहे!”

“हळू बोल. त्यांना कळला तर आनखी फुगतील.”

“तू कोर्टात खोटं बोललास. शपथ मीच दिली होती तुला.”

“देवाला स्मरून सांग, म्हनालास. स्मरला. देव म्हनाला, आधी कुऱ्हाड थांबव.” तो खाली उतरला. “आता फळ धरला की परत दोघंव कुऱ्हाडी काडतील. म्हनून खुडतोय.”

हे मला पटलं. पण त्याचे हात मोहराच्या वासाने माखले होते आणि तो ते पंच्याला पुसत नव्हता. दुसऱ्या कुणी एक डहाळी मोडली तर मारायला धावणारा हा माणूस सहा वर्षं स्वतःच्या हाताने मोहर खुडत होता. मला त्याची कीव आली, आणि मी कोर्टात काही बोललो नाही. नोकरीत केलेला तेवढाच एक गुन्हा.

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला त्याने मला दुपारी जेवायला बोलावलं. एकट्या माणसाचं खोपटं, पण सारवून लख्ख. एका केळीच्या पानावर भात, आमटी आणि एक आंबा त्याच्या बायकोच्या नावाने बाहेर ठेवला होता. सगुणा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आपल्या माणसांच्या नावाने आंबा ठेवल्याशिवाय आपल्याकडे कुणी आंब्याला तोंड लावत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण तो आंबा त्याच कलमाचा आहे, हे त्याने सांगितल्यावर कळलं.

“दोन ठेवतो दर साली. आत पानात, कुनाला दिसत नाय असे,” तो म्हणाला. “एक तिचा. दुसरा तू खा.”

मी खाल्ला. दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं. “अरे, हा हापूस नव्हे! रायवळ आहे, आणि तोही आंबटढाण!”

धाकूने उठून दार लोटलं.

“मी पालीला गेलेलो कामाला,” तो सांगायला लागला. “हिला सांगून गेलो, विहिरीच्या वरल्या अंगाचा तिसरा झाड, तो हापूस, त्यांच्या फांदीला मडक्यातला रोप बांध. हिनं खालल्या अंगानं मोजला आनि रायवळाला बांधलान. पैला कलम हिच्या हातचा. दोन महिने दुपारच्या उन्हात माचावर चढून पानी घातलान. मी आलो, पान चुरगळून वास घेतला, तवाच कळला.”

“आणि सांगितलं नाहीस?”

“तिचा तोंड बगितलावतास तर तूपन सांगितला नसतास. म्हातारा मालक, ह्या दोघां भावांचा बापूस, आला, बाईनं कलम जगवला म्हनून त्यानं तिला लुगडा दिलान आनि हापूस म्हनून आता गडगा हाय तिथं लावलान. तिसऱ्या साली ती तापानं गेली. फळ बगितलान नाय.” त्याने दाराला कडी घातली. “आता कुनी हा आंबा खाल्ला, की अख्खी वाडी म्हनेल, धाकूच्या बायकोनं आंबट बांधला. जबाब द्यायला ती हाय काय?”

कोर्टात ज्याच्यासाठी तो खोटं बोलला, ते नुसतं झाड नव्हतं. मी उरलेला आंबा निमूटपणे, कोयीपर्यंत, चोखून खाल्ला.

“चल,” तो म्हणाला, आणि मला कलमापाशी घेऊन गेला. बुंध्यावरचा लेप त्याने पाणी मारून काढला, पंच्याने साल कोरडी पुसली. प्रत्येक कलमाला खाली, दोन झाडं जिथे जोडली जातात तिथे, गाठ असते. ती शेवटपर्यंत जात नाही. धाकूने माझं बोट धरून खोडावरून फिरवलं, वरून खाली, पुन्हा खालून वर.

“सांधा दाखव,” तो म्हणाला.

मी तीनदा बघितलं. मला सांधा सापडला नाही.

“पन्नास सालं बांधतोय,” धाकू म्हणाला. “माज्या हातचा एकपन असा बसला नाय रे.” आणि तो शेणमाती कालवायला लागला.