संघाचं सॉफ्टवेअर आणि माझं लग्न

मी फक्त 'बघतो' म्हणालो होतो. बैठकीत 'बघतो' म्हणणाऱ्या माणसाच्याच गळ्यात ते काम पडतं, हे विमा कार्यालयात एवढी वर्षं कारकुनी करूनही मला कळू नये, यात माझी बुद्धी दिसते.

झालं असं. आमच्या म्हैसूरच्या मराठी स्नेहसंघाला स्वतःचं ऑनलाइन व्यासपीठ हवं होतं. कोण कुणाचा कोण, कुणाकडे काय कार्य, कुणाची मुलं लग्नाची, सगळं एका जागी. त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, असा प्रश्न अध्यक्ष तिरुमलरावांनी मांडला आणि मी तो शब्द बोलून बसलो. (ऑफिसातला प्रिंटर मी एकदा बंद करून परत चालू केला होता. तेव्हापासून माझी तांत्रिक बाजू भक्कम समजली जाते.)

"अहो, विजूला विचारा की," घरी बायको म्हणाली. "तो दिवसभर हेच करतो."

विजू म्हणजे विजयेंद्र, तिचा धाकटा भाऊ. इथे एक खुलासा करायला हवा. विजू माझा मेव्हणा आहे आणि भाचाही आहे. कारण तुंगा माझी बायको आहे आणि माझ्या थोरल्या बहिणीची, सीतालक्ष्मीअक्काची, मुलगीही आहे. पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेल्या आमच्या मराठी घरांत मामाला भाची देणं ही अगदी साधी गोष्ट होती. पुण्याहून नव्याने आलेले लोक हे ऐकल्यावर हातातला चहाचा कप खाली ठेवतात, एवढंच.

भाच्याला विचारणं मला कमीपणाचं वाटलं. मी स्वतःच तीन सॉफ्टवेअरं पाहिली. पहिल्याचे दर डॉलरमध्ये होते. दुसऱ्याला 'सर्व्हर' लागणार होता, आणि तो स्वयंपाकघरात ठेवू देणार नाही, असं तुंगाने आधीच बजावलं. तिसरं फुकट होतं, मराठीत चालत होतं आणि 'नात्यांवर उभं' अशी त्याची जाहिरात होती. मी तेच घेतलं. सुरुवातीलाच त्याने विचारलं, 'सभासदांच्या आयुष्यातील घडामोडी सर्वांना आपोआप कळवायच्या का?' मी 'होय' दाबलं. संघ असतो तरी कशाला?

"मामा, आधी घरी एकदा चालवून बघा," तुंगाकडून कळल्यावर विजू आपण होऊन फोनवर म्हणाला. मी 'बरं' म्हणालो आणि बघितलं नाही.

उद्घाटन चामराजपुरमच्या एका सभागृहात होतं. पुढच्या रांगेत अक्का, तिच्या शेजारी जरीची साडी नेसलेली तुंगा. ती शाळेत शिकवते. शाळेतल्या मैत्रिणींना तिने हौसेने बोलावून आणलं होतं, 'आमच्या ह्यांनी केलंय' म्हणून. त्या सगळ्या तिच्या मागच्या रांगेत बसल्या होत्या.

प्रात्यक्षिक म्हणून मी माझंच घराणं भरायला घेतलं. आधी माझं नाव, व्यासराज. टाळ्या पडल्या. मग बहीण, सीतालक्ष्मी. तिची मुलगी, तुंगा. यंत्राने आपण होऊन तुंगाच्या नावापुढे 'भाची' लिहिलं, तेव्हा तिरुमलरावांनी 'वा' म्हटलं. मग मी पत्नीच्या रकान्यात तुंगाचं नाव घातलं आणि समोरचा अख्खा पडदा लाल झाला.

'ही व्यक्ती तुमची भाची आहे. ती पत्नी असू शकत नाही. कोणते नाते काढून टाकायचे?' खाली दोन बटणं होती: 'पत्नी' आणि 'बहीण'. तिसरं नव्हतंच.

सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या घरी हीच परिस्थिती होती. ती माणसं एकदम सावरून बसली.

"दाबा की काहीतरी, व्यासराज," तिरुमलराव म्हणाले. "कॉफी निवते."

मी समोर पाहिलं. अक्का माझ्याकडे बघत होती, लहानपणी पाढे म्हणून घेताना बघायची तशी. तुंगाही बघत होती. पण ती निर्धास्त होती. नवरा काय दाबणार याची तिला शंकाच नव्हती.

मी 'पत्नी' दाबलं.

खरं सांगतो, निव्वळ भीतीने दाबलं. वयाची पन्नाशी उलटली तरी अक्कासमोर मी पाढे चुकणारा पोरच असतो. पण हे तुंगाला कसं दिसणार? तिच्या चेहऱ्यावरचा तो निर्धास्तपणा माझ्या डोळ्यांदेखत गेला. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. 'व्यासराज व तुंगा यांचे वैवाहिक नाते संपुष्टात आले आहे. सभासदांनी दोघांना आधार द्यावा.'

मी घाईघाईने तुंगाचं नाव परत घातलं. पडदा परत लाल झाला. मग मी 'बहीण' दाबलं आणि फोन परत वाजले. 'व्यासराज व सीतालक्ष्मी यांचे भाऊ-बहिणीचे नाते संपुष्टात आले आहे.'

अक्काने चष्मा लावून ते सावकाश वाचलं. "अय्यो व्यासू, मी काय केलं रे तुझं?"

मधल्या मधे मला ना बहीण राहिली, ना बायको. कारण पडद्यावर आता लिहून आलं होतं: 'तुंगा यांना पत्नीच्या नात्याची विनंती पाठवली आहे. त्यांनी मान्य केल्यास नोंद होईल.' तुंगाने फोन पर्समध्ये टाकला आणि मैत्रिणींबरोबर ऑटोत बसून निघून गेली. कॉफीसुद्धा घेतली नाही.

घरी ती एवढंच म्हणाली, "यंत्राने विचारलं तर विचारलं. तुम्ही स्वल्प तरी विचार करायचा होता की नाही?"

चूक यंत्राची असती तर मी तासभर बोललो असतो. चूक माझ्या बोटाची होती, आणि ते बोट तिने पाहिलं होतं. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

पुढे सभासदांनी आधार द्यायला सुरुवात केली. गोकुलमच्या चिदंबरांनी फोन करून एका चांगल्या खानावळीचा पत्ता दिला. तुंगाला शाळेत एकीने वकिलाचा नंबर दिला. तो तिने घरी आणून फ्रिजवर चिकटवला. मी पाणी प्यायला गेलो की रोज दिसायचा.

शेवटी मीच विजूला हात जोडले. त्याने आपोआप कळवणं बंद केलं, एकाच माणसाशी दोन नाती चालतील अशी सोय केली आणि म्हणाला, "आयतु मामा, झालं. पण दोघींनी मान्य करायला पाहिजे. ते काम माझं नाही."

मैसूरपाक घेऊन मी अक्काकडे गेलो. तिने चष्मा लावला, फोनवर बोट टेकवलं आणि मला भाऊ म्हणून परत घेतलं. मैसूरपाकही ठेवून घेतला.

मला धीर आला. घरी येऊन मी तुंगाला म्हटलं, "आता तू तेवढं मान्य कर."

"मी कशी करू? अम्माला विचारायला पाहिजे," ती भाजी चिरत म्हणाली. "तेव्हाही तिलाच विचारलं होतं."

म्हणून मी परत अक्काकडे गेलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघ व्यासू," ती म्हणाली, "तेव्हा मुलगा घरचाच म्हणून आम्ही काही चौकशी केली नाही. या वेळी करते."

काल तिने माझ्या ऑफिसात फोन करून साहेबांशी बराच वेळ बोलणं केलं. साहेब काय म्हणाले ते ती मला सांगत नाही. तुंगाला मात्र तिने सांगितलंय, घाई करू नको.