कोरा कॉलम

लग्नात बायका नवरीचे दागिने बघतात. शमीम आपा निकाहनामा मागून घेतात. चष्मा लावतात, प्रत्येक ओळीवर बोट ठेवत वाचतात आणि एखादा कॉलम कोरा दिसला की कागद परत करतात. "रिजेक्ट. भरून आणा." समोर काझीसाहेब असोत नाहीतर नवरदेवाचा बाप.

आपा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होत्या. निवृत्त झाल्यापासून थेरगावात आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांच्याविषयी चांगलंच लिहायचंय, पण आधी माझी तक्रार सांगतो. लातूरहून येऊन मी एका जुन्या लेथवर वर्कशॉप सुरू केलं. पहिली मोठी ऑर्डर होती चारशे बुशची, म्हणजे मशिनमध्ये बसणाऱ्या छोट्या धातूच्या नळ्यांची. या बाईंनी ती वीस मायक्रॉनसाठी परत पाठवली. वीस मायक्रॉन म्हणजे केसापेक्षाही कमी. मी गेटवर तासभर भांडलो. निदान निम्मा माल तरी घ्या म्हणालो. स्टीलवाला, जागामालक, बँकेचा मॅनेजर, सगळ्यांना मी घासाघीस करून वाकवलंय. आपा एवढंच म्हणाल्या, "मायक्रॉनमध्ये घासाघीस नसते, फारूक." तो राग अजून गेलेला नाही.

नोकरी सुटली तरी तपासणी सुटली नाही. भाजीवाल्याकडचा दुधी त्या डोळ्यासमोर आडवा धरून सरळ आहे का बघतात. शिंप्याकडून आलेल्या कुर्त्याचे टाके मोजतात. पण खरा जीव निकाहनाम्यात. त्यांचं म्हणणं साधं आहे. निकाह हा करार आहे आणि करारात अटी घालायची मुभा शरियतनंच मुलीला दिलीय. लोक मात्र मेहर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, तेवढी लिहितात, तीही भाव पाडून, आणि अटींच्या कॉलममध्ये आडवी रेघ मारून जेवायला पळतात. "ज्या मापाला आकडा नाही, ते बनवणाऱ्याच्या मर्जीचं," असं त्या म्हणतात.

एका लग्नात साक्षीदाराची सही राहिली होती. आपांनी त्याला भर पंगतीतून उठवून आणलं. काझीसाहेबांच्या रजिस्टरवर बिर्याणीचा तुपकट अंगठा अजून आहे. तेव्हापासून आपा दारात दिसल्या की काझीसाहेब आपणहून पानं मागे उलटून बघायला लागतात. पोरींच्या आया विचारतात, आपांना दाखवलं का? पोरींचे बाप त्यांना पत्रिका द्यायला विसरतात. त्या तरी येतात.

माझ्या सनाच्या लग्नात मीही पत्रिका द्यायला विसरलो होतो.

सना एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. स्थळ चांगलं होतं. लग्नानंतर नोकरी चालू राहील असा शब्द मुलाच्या चाचांनी मला दिला होता. हॉलपासून मेहरपर्यंत सगळं मीच ठरवलं होतं आणि स्वतःवर खूश होतो. निकाहाच्या दिवशी वकील, म्हणजे मुलीच्या वतीनं बोलणारा आमच्यातलाच एक वडीलधारा, आणि दोन साक्षीदार सनाची संमती विचारायला आतल्या खोलीत गेले, ते कागद घेऊन तसेच बाहेर आले. आत आपा बसल्या होत्या. अटींच्या कॉलममध्ये रेघ होती.

चाचा तडकले. आमच्या शब्दावर भरवसा नाही का, असं चारचौघांत म्हणाले. मी तणतणत आत गेलो. जुनं, नवं, सगळं एकदमच बाहेर पडलं. माझा माल अडवलात, आता माझी पोरगी अडवता, असं काहीबाही बोललो. आपांनी ऐकून घेतलं.

"फारूक, तू स्टील तोंडी घेतोस?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"टेस्ट सर्टिफिकेट आल्याशिवाय गाडी खाली करत नाहीस. सगळ्या चाकणला माहीत आहे."

मी सनाकडे पाहिलं. एवढे दिवस मी तिच्या वतीनं सगळं ठरवत होतो, पण तिला काय हवंय हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं. ती ओढणीआडून हळू पण भरभर बोलली, पाठ केल्यासारखी. नोकरी चालू राहील. पगार तिचा. ती असताना दुसरं लग्न नाही. यातलं काही मोडलं, तर तलाक घ्यायचा अधिकार तिच्या हातात.

मग मी बाहेर जाऊन माझं काम केलं. चाचा तिसऱ्या आणि चौथ्या अटीवर अडले. मी आवाज चढवला, उतरवला, हात जोडले, जेवण थांबवलं. लग्न मोडेल असं मलाही एकदा वाटून गेलं, पण मागे हटलो नाही. शेवटी नवरदेवच उठला आणि म्हणाला, "चाचा, मला त्या अटी मोडायच्याच नाहीत. मग लिहायला काय हरकत आहे?" काझीसाहेबांनी चारही ओळी लिहिल्या. आपांनी कागद पुन्हा वाचला आणि नवरीची प्रत सनाच्याच हातात ठेवली. माझ्या हातात नाही.

पुढच्या आठवड्यात मिठाईचा डबा घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. चहा झाला. गप्पांच्या ओघात मी सहज विचारलं, आपा, तुमच्या निकाहनाम्यात काय लिहिलं होतं?

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कागद दुमडून फक्त सहीची जागा पुढे केली होती. दहावी पास होते मी. वाचता येत होतं. कुणी वाचायला दिला नाही."

नवऱ्यानं चौथ्या वर्षी घराबाहेर काढलं, तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. सासरची प्रत हरवली म्हणे. आपलं लग्न झालं होतं, एवढंच सिद्ध करायला त्यांना कोर्टात कित्येक वर्षं लागली. हे सगळं त्यांनी कपबश्या आवरता आवरता सांगितलं. मग जरा अवघडून विचारलं, सनाच्या त्या पानाचा फोटो तुझ्याकडे आहे का?

होता. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी अक्षरं मोठी केली आणि वाचायला लागल्या. चुका शोधत नव्हत्या. सावकाश वाचत होत्या, मध्येच थांबत, एखादी ओळ पुन्हा वाचत. शेवटच्या ओळीशी पोचल्यावर त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द कळला.

"कबूल."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांनी मोबाइल परत देईपर्यंत मान वळवली नाही.