हिरवा ठिपका

“अजून एकदाच रे, वेन! हरलो तर हरलो, मग जेवायला जाऊ.”

मार्लिस हे म्हणायची तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि वेन्डेल सात. तळघरातल्या जुन्या टीव्हीपुढे दोघं मांडीला मांडी लावून बसायची. वरून आई हाका मारून दमायची, टेबलावर सूप निवून जायचं, आणि ते ‘एकदाच’ काही संपायचं नाही. वळचणीला पाखरू राहावं तसा तो आवाज वेन्डेलच्या कानात तीस वर्षं राहिला.

बाकीचं मात्र उडून गेलं. आई गेली, वडील गेले, वडिलांच्या मासेमारीच्या बोटीवरून भावाबहिणीचं भांडण झालं. मार्लिस ड्युलूथची थंडी आणि भाऊ दोन्ही सोडून टूसानच्या वाळवंटात नर्स म्हणून निघून गेली. त्यानंतर सहा वर्षं दर नाताळला एक कार्ड यायचं. त्यावर छापलेला मजकूर, खाली सही.

आणि या सप्टेंबरात तिनं अचानक त्याला एक खेळ भेट पाठवला. ‘राखेचा जिना’. सोबत एकच ओळ होती : “इथे आमचं अख्खं इस्पितळ वेडं झालंय, खेळून बघ.”

वेडं जगच झालं होतं. समीक्षकांनी दहापैकी दहा दिले होते, कुणी म्हणे अकरा द्यायची सोय हवी होती. एक शिपाई हातात कंदील घेऊन मनोरा चढतो. वाटेत राक्षस, भुतं, दोन डोक्यांचं अस्वल. मेला की थेट तळाशी, तळाशी की पुन्हा पहिली पायरी, आणि दर खेपेला मनोऱ्यातल्या खोल्या नव्यानं पिसलेल्या. वेन्डेल सात दिवस जेवण विसरून खेळला. आठव्या दिवशी ऐन अस्वलाच्या झुंजीत त्याच्या कानावर आलं, की स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी करकरतेय. तो उठला, बिजागरीला तेल घातलं. परत आला तो शिपाई मेलेला. वेन्डेलला काही म्हणजे काहीच वाटलं नाही.

नवव्या दिवशी पाय हलत राहिले. दहाव्या दिवशी बोटं बटणांवर आणि डोळे खिडकीबाहेर. चढायचं, मरायचं, चढायचं, मरायचं; एवढंच करायचं तर बर्फ फेकायची यंत्रं दुरुस्त करायची नोकरी काय वाईट होती? तो खेळ बंद करायला उठला, आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला फोन वाजला.

“काय रे, कितव्या मजल्यावर?” मार्लिस विचारत होती. “तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला. म्हटलं, बेटा खेळतोय!”

“चौथ्या,” वेन्डेल म्हणाला.

“अस्वल भेटलं?”

“भेटलं. चांगला माणूस आहे.”

ती खदखदून हसली. खेळाचं बोलणं पाच मिनिटं चाललं. मग तिच्या अंगणातलं निवडुंग, तिचा एक चावरा रुग्ण, आईचं रानतांदळाचं सूप दोघांनाही कसं जमत नाही, असं पाऊण तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा वाजता. तिसऱ्या दिवशीही.

मग वेन्डेलनं खेळ बंद केलाच नाही. सकाळी उठला की लावायचा आणि शिपायाला तळाशी उभा करून आपल्या कामाला लागायचा. शिपाई बिचारा जांभया देई, कंदील पुसत बसे. कितव्या मजल्यावर काय असतं ते वेन्डेल इतरांच्या व्हिडिओंवरून पाठ करी. हात मात्र स्वस्थ बसेनात. त्यानं सौनाच्या, म्हणजे वाफाऱ्याच्या खोलीच्या फळ्या बदलल्या, शेड रंगवली, पडदे धुतले, आणि एका रविवारी चमच्यांचा खण लांबीनुसार लावला.

“वेन, तुझे नऊशे तास झाले!” नोव्हेंबरात मार्लिस म्हणाली. तिचा आवाज जरा दबका होता. “झोपतोस ना रे?”

“झोपतो की. या शनिवार-रविवारी शेवटच्या राजाला पाडायचाच. जागचा हलणार नाही.”

हे बोलून बसला आणि त्याला आठवलं, की हरणांच्या शिकारीचा पहिला शनिवार तोच. दुरुस्तीच्या दुकानातला सोबती ड्वेन त्याला न्यायला येणार होता. आता बहिणीला सांगणार कसं? त्यानं खेळ लावून ठेवला, शिपायाला मनोमन सॉरी म्हटलं, आणि पहाटे ड्वेनच्या गाडीत बसून गेला. जंगलातल्या खोपीत फोनला रेंज नव्हती.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मार्लिसनं फोन केला. सव्वासहाला केला. साडेसहापर्यंत नऊ वेळा केला. ठिपका हिरवागार, आणि फोन उचलायला कुणी नाही. तिनं वेन्डेलच्या शेजारच्या व्हर्नाबाईंना फोन करून किल्ली घेऊन पाठवलं.

“टीव्ही चालू आहे, खेळ चालू आहे, माणूस नाही,” व्हर्नाबाईंनी फोनवर कळवलं.

“असं कसं, काकू? तो खेळतोय. मला इथून दिसतंय!”

“मला इथून रिकामी खुर्ची दिसतेय.”

“खुर्चीमागे बघा. पडला असेल.”

“मागेही नाही. गाडी दारात आहे. आणि मार्लिस, घर बघ गं! लख्ख! पडदे धुतलेले, चमचे ओळीनं. एकट्या पुरुषाचं घर असं असतं का कधी?” व्हर्नाबाईंचा आवाज खाली आला. “कुणीतरी सगळं आवरून, निरोप घेऊन गेल्यासारखं वाटतंय.”

मार्लिसनं मिळेल ते विमान पकडलं. रविवारी पाद्र्यानं सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा प्रवचन अर्ध्यावर सोडलं आणि सगळी मंडळी सरोवराच्या काठानं वेन्डेलच्या नावानं हाका मारत फिरली. शेरीफच्या कचेरीतून कुत्रा आला. त्याला वेन्डेलचा मोजा हुंगायला दिला, तर तो थेट शनिवारी पहाटे ड्वेनची गाडी उभी राहिली होती त्या जागेपर्यंत गेला आणि तिथेच बसून राहिला. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

दुपारी तीनला वेन्डेल परत आला. अंगणात अकरा गाड्या. स्वयंपाकघरात बटाट्याच्या हॉटडिशची पाच भांडी. मयताच्या घरी शेजारीपाजारी हेच भाजून आणत; पाच म्हणजे नक्कीच कुणीतरी गेलं. त्यानं नारिंगी टोपी काढून छातीशी धरली.

“कोण गेलं?” त्यानं हळूच विचारलं.

“तू,” व्हर्नाबाईंचे यजमान एल्रॉय म्हणाले.

गर्दीतून मार्लिस पुढे आली. सहा वर्षांत केस पिकले होते. तिनं त्याला मिठी मारली, मग दंडावर एक जोरदार चापट दिली.

“होतास कुठे?”

“शिकारीला.”

“आणि तो ठिपका?”

“चुकून चालू राहिला.”

“दोन महिने? रोज सोळा-सोळा तास?”

पाद्रीबाबा पुढे सरकले. “यात लाज कसली, वेन्डेल? गुरुवारी आपल्या चर्चच्या तळघरात अशांचा एक गट जमतो. कॉफी असते.”

“हे तर फार पुढे गेलंय,” व्हर्नाबाई कुजबुजल्या. “चमचे बघितलेत ना तुम्ही?”

वेन्डेलनं सगळ्यांची तोंडं पाहिली. व्यसन कबूल करणंच सोपं होतं. “येईन गुरुवारी,” तो म्हणाला. चारदोघांनी पाठ थोपटली, कुणीतरी ताट वाढलं.

मार्लिस मात्र रडत होती. “माझंच चुकलं. मीच हे खूळ तुझ्या घरात घातलं. आता खेळाचं नाव काढायचं नाही आपण. मी काढून टाकलाय माझ्याकडचा, तूही टाक. रोजचा फोनसुद्धा नको, त्यानं आठवणच येईल. सावकाश बरा हो, नाताळला कार्ड पाठवीन.”

ती टीव्हीकडे गेली. पडद्यावर शिपाई कंदील पुसत होता. तिनं वायरला हात घातला.

“थांब!” वेन्डेल ओरडला.

“बघा, सुटत नाहीये,” एल्रॉय म्हणाले.

“मला तो खेळ आवडत नाही!”

“सगळे असंच म्हणतात,” पाद्रीबाबा प्रेमानं म्हणाले.

“आठव्या दिवसापासून कंटाळा आलाय मला त्याचा. अस्वल मी एकदाही मारलेलं नाही. तो शिपाई दोन महिने तिथेच उभा आहे, पहिल्या पायरीवर. मी इथं पडदे धूत होतो!”

मार्लिसचा हात वायरवरच राहिला. “मग बंद का नाही केलास, येड्या?”

वेन्डेलनं टोपी दोन्ही हातांनी पिळली. इतकी माणसं, इतके हॉटडिश, आणि सगळे त्याच्याकडे बघत.

“रोज सहाला तुझा फोन यायचा, मार्लिस,” तो म्हणाला. “त्याआधी सहा वर्षं नव्हता आला.”