कंपनीचा पिवळा

आर्जवचं लग्न तोंडावर आलं होतं. घरातल्या बायकांनी मानपान, रुखवत आणि पाहुण्यांची अंथरुणं यांवरून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि नवरदेवाचे वडील मदनअण्णा पाटील अंगणातल्या उन्हात उभे राहून एक बोल्ट नाकाशी धरून हुंगत होते.

"वासावरनं काय कळतंय, अण्णा? हळकुंड हाय व्हय ते?" कुतुबुद्दीन म्हणाला.

सवयीचा दोष, दुसरं काय! अण्णांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत. हळकुंड मोडून, हुंगून, नखानं खरवडून ते कुठल्या गावच्या मातीतलं हे सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पिवळा हा तुमच्याआमच्यासाठी एक रंग असेल. अण्णांच्या लेखी तो अख्खा मुलूख होता आणि त्यात ते डोळे मिटून हिंडत.

"ह्यो सेलमच्या हळदीचा पिवळा झाला रं," बोल्ट परत देत ते म्हणाले. "मला राजापुरी पायजे. आतनं जरा लाली मारणारा."

"मी प्लेटिंगवाला हाय, अण्णा, हलवाई न्हवं. केशर जरा जास्त घाल म्हटल्यावर कुठनं घालू?"

खणभागातल्या कुतुबुद्दीनच्या दुकानात मोहरमच्या पंज्यांपासून बुलेटच्या सायलेन्सरपर्यंत सगळं चकचकीत होऊन निघे. अण्णांचे बोल्ट तेवढे अडून बसले होते.

ते बोल्ट ज्या गाडीसाठी होते ती अंगणातच उभी होती. अण्णांच्या वडिलांची काँटेसा. लांब नाक, रुंद छाती, आखाड्यात उतरलेल्या पैलवानासारखी जमिनीलगत बसलेली. मधली बरीच वर्षं तिच्या टपावर पापड वाळले. मग एके दिवशी अण्णांनी पापड उचलायला लावले आणि शपथ घेतली, की गाडी कंपनीतून आली तशी करायची. बारीकसारीक स्क्रू, क्लिप, रबर, सगळं कंपनीचंच. काच खालीवर करायचं एक हँडल कोयनानगरच्या एका निवृत्त इंजिनिअरच्या बंद गाडीत सापडलं. ते घेऊन घाट उतरताना अण्णांना उलट्या झाल्या, पण छातीशी धरलेलं हँडल त्यांनी सोडलं नाही.

आता उरले होते बॉनेटच्या बिजागरीचे चार बोल्ट. जुने कधीच गंजून गेलेले. पण ते कसे दिसत होते हे अण्णांच्या डोळ्यांत पक्कं बसलं होतं.

त्यांच्या स्वतःच्या लग्नात याच गाडीतून सुरेखा तासगावहून सांगलीला आली. आदल्या दिवशी धाकट्या काकांनी गाडी धुताना बॉनेट काढलं आणि परत बसवताना बोल्ट आवळायचे विसरले. वाटेत बॉनेट ताशासारखं वाजायला लागलं. काकांनी गाडी थांबवून बोल्ट काढले आणि नवरदेवालाच बॉनेट उचलून धरायला सांगितलं. फेट्यावर बॉनेट घेऊन मदन उभा राहिला. त्याला खालून फक्त काकांची बोटं दिसत होती. ती बोटं एकेक बोल्ट आणत होती आणि दुपारच्या उन्हात तो बोल्ट सोन्यासारखा झळकत होता. इतका सुंदर पिवळा त्यानं यार्डातसुद्धा पाहिला नव्हता. कंपनी बोल्टसुद्धा असे घालते, याचं त्याला केवढं नवल वाटलं होतं!

आता सूनही याच गाडीतून घरी आणायची होती. सगळं कंपनीतून आलं तसं झालं, की तो दिवसही आला तसा पुन्हा येईल, ते ऊन, तो रस्ता, अशी काहीतरी खुळी आशा अण्णांच्या मनात होती. असं काही माणसाला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून ते बोल्टाबद्दल बोलत.

हळदीच्या दिवशी कुतुबुद्दीननं शेवटचे चार बोल्ट आणून दिले. होते बरे, पण किंचित फिके. मग अण्णांना एक युक्ती सुचली. घरातली सर्वांत उत्तम हळद त्यांनी स्वतः कुटली, तेलात कालवली आणि पितळी वाटीत बोल्ट बुडवून वाटी कोठीतल्या फळीवर ठेवली.

"बोल्टाचं लोणचं घालताय व्हय?" कुतुबुद्दीननं विचारलं.

"मुरू दे. उद्या सकाळी बघ."

दुपारी आर्जवला हळद लागली. बायका इतक्या उत्साहात होत्या, की हळद नवरदेवापेक्षा एकमेकींनाच जास्त लागली आणि मध्येच संपली. कुणीतरी कोठीत धावलं आणि ती पितळी वाटी घेऊन आलं. काय तो रंग, काय तो वास! अण्णांनी लेकासाठी खास राखून ठेवली असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

"आई, कायतरी टोचतंय," आर्जव म्हणाला.

"गप बस. नवरदेवानं असं नाजूक हुन चालत न्हाई," सुरेखानं त्याला दटावलं.

उरलेली हळद रिवाजाप्रमाणे उष्टी हळद म्हणून नवरीकडे, वडूजला रवाना झाली. वाटीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळी रिकामी पाहून अण्णांनी वाटी कुठं गेली म्हणून विचारलं. सुरेखानं सहज सांगून टाकलं, "ती व्हय? लय झ्याक हळद होती. गेली की वडूजला."

अण्णांनी व्याह्यांना, भूपाल चौगुल्यांना, फोन लावला.

"हळद पोचली न्हवं?"

"पोचली की! आणि ते लोखंडबी पोचलं."

"लोखंड?"

"आवं, वाटीच्या बुडाशी चार बोल्ट. आमी जरा दचकलोच. पर आमची आई म्हणाली, नजर लागू नये म्हणून लोखंड घातलं असंल, सांगलीकडची रीत असती एकेकाची. इचारत बसू नका, अडाणी म्हणतील. मग लावलं रीतीनं."

"रीतीनं म्हंजी कसं?"

"एक मांडवाच्या मेढीला बांधला, एक बोहल्याखाली ठेवला, एक आईनं आपल्या पदराला गाठ मारून घेतला. आणि एक अंकिताच्या काकणात, हळकुंडाशेजारी. बरोबर हाय न्हवं? का चुकलं काय?"

त्या शेवटच्या प्रश्नात मुलीच्या बापाची सगळी धाकधूक होती. अण्णांनी डोळे मिटले.

"बरोबर हाय. अगदी आमच्या वाडवडलांसारखं केलंत," ते म्हणाले. आणि पाटलांच्या घराण्यात एका नव्या रीतीचा जन्म झाला.

तेवढ्यात कुतुबुद्दीन बोल्ट आवळायचे पाने घेऊन हजर. सगळं ऐकून तो आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, "माझ्याकडं ट्रॅक्टरचे हायत. काळे, पर मापात बसत्यात."

"काळे? सुतळी आण."

"सुतळी कंपनीची हाय व्हय, अण्णा?"

"न्हाई. पर सुतळी कवा म्हणत न्हाई की मी बोल्ट हाय. खोटा बोल्ट म्हणतो."

अशा रीतीनं ती चकचकीत काँटेसा, बॉनेट सुतळीनं आवळून, वऱ्हाडाच्या मागे मागे वडूजला पोचली. लग्न थाटात लागलं. मंगलाष्टकांच्या वेळी अण्णांच्या अक्षता मात्र सगळ्या मांडवाच्या मेढीवर पडल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी मेढीचा बोल्ट सोडवला, बोहल्याखालचा वाकून काढला. व्याह्यांच्या आईच्या पदरातला मिळवताना तर "आता ह्यो मुलाकडच्या देव्हाऱ्यात ठेवायची रीत हाय," अशी आणखी एक रीत त्यांना तिथल्या तिथं जन्माला घालावी लागली.

चौथा बोल्ट नवरीच्या हातावर होता. काकण सोडायचं ते नवऱ्याच्या घरी. तिथं कुठलीही नवी रीत चालणार नव्हती. म्हणून तीन बोल्ट आणि एका कोपऱ्यात सुतळी, असं करून गाडी परत निघाली. कुतुबुद्दीन पुढे, मागे सुरेखा, आर्जव आणि नवी सून.

मायणी मागं पडल्यावर सुतळी तुटली. बॉनेट ताशासारखं वाजायला लागलं.

अण्णांनी गाडी कडेला घेतली. दुपार कलली होती. दोन्ही अंगांना मोकळं माळरान आणि त्यावर मऊ, सावकाश ऊन.

"सगळे काढून पुन्हा बसवाय पायजे," कुतुबुद्दीन म्हणाला. "अण्णा, तुमी बॉनेट धरा." एकेक बोल्ट काढून त्यानं ठेवायला जागा शोधली आणि मग अंकितापुढे धरले. "धरा वैनी, धुळीत पडतील."

अंकितानं ओंजळ पुढे केली. "मामा, आणि चौथा?" तिनं मनगट वर करून सासऱ्यांना विचारलं.

"तो घरी गेल्यावर, पोरी."

"काकणाचं काय ते इथंच सोडा," सुरेखा म्हणाली. "देव काय फक्त सांगलीतच बसलाय?"

मग त्या रस्त्याच्या कडेला, एका हातानंच गाठ सोडायची रीत म्हणून, आर्जवनं दहा वेळा ओठ चावले. अंकिता हसत सुटली. चौथा बोल्ट तिच्या ओंजळीत पडला आणि घामेजल्या हाताच्या हळदीत लोळला. कुतुबुद्दीननं तो उचलून उन्हात धरला.

डोक्यावर बॉनेट घेतलेल्या अण्णांच्या तोंडून किंकाळी फुटली.

"ह्योच! कुतुब, ह्योच कंपनीचा पिवळा!"

"तवाबी असंच झालं हुतं," सुरेखा सहज म्हणाली.

"काय झालं हुतं?"

"काकांनी बोल्ट काढून माझ्याच हातात दिलं. तुमी बॉनेटखाली, तुमाला कुठलं दिसतंय! हात हळदीनं भरलेलं माजं. बोल्ट पिवळं धमक झालं म्हणून मी मनातल्या मनात किती हसले."

"मग कंपनीचा रंग?"

"पांढरा. साधा पांढरा."

"आणि इतकी वर्सं बोलली न्हाईस?"

"तुमी अख्ख्या सांगलीला इचारलं," सुरेखा म्हणाली. "मला कवा इचारलं?"

बॉनेटखालून अण्णांनी तिच्या हातांकडे पाहिलं. ज्या रंगामागे ते पुण्याच्या जुन्या बाजारापासून कोयनेपर्यंत वणवण हिंडले, तो रोज सकाळी त्यांच्या पुढ्यात चहाचा कप ठेवत होता. कुतुबुद्दीननं चारही बोल्ट आवळले, पाना पुसला.

"अण्णा, झालं. सोडा आता बॉनेट."

तरी अण्णा दोन्ही हात वर करून तसेच उभे राहिले.

पुढे हिवाळ्यात साताऱ्याला जुन्या गाड्यांचा मेळा भरला. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे अण्णांइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक? मेळ्याच्या सकाळी त्यांनी चारही बोल्ट काढले आणि सुरेखापुढे धरले. तिनं हळदीची वाटी पुढे ओढली.

परीक्षक भिंग घेऊन फिरत होते. काँटेसापाशी ते बराच वेळ रेंगाळले. "हँडल, क्लिपा, रबर, सगळं अस्सल. कमाल आहे!" मग बॉनेटखाली वाकले आणि कपाळाला आठी पडली. "हे बोल्ट मात्र चुकले. कंपनीचे पांढरे असायचे. याचे गुण कापावे लागतील."

"कापा की," अण्णा म्हणाले.

परीक्षकांनी बोल्टावरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. त्यांनी ते हळूच नाकाशी नेलं.

"हळद?"

"राजापुरी," अण्णांनी छाती फुगवून सांगितलं आणि मागं वळून पाहिलं. सुरेखा रुमालानं हात पुसत होती.