बगळ्यांसाठी सोडलेलं गोड

पहिल्याच सामन्यात कॉलेजचा संघ अठ्ठेचाळीस-शून्य असा हरला आणि त्याच संध्याकाळी आर्डिस टॉलेफसन यांनी गोड सोडलं.

"सोडलं म्हणजे?" त्यांच्या नवऱ्याने, हार्लनने, काळ्या कॉफीचा घोट तोंडातच अडवून विचारलं.

"म्हणजे आपले बगळे एक तरी सामना जिंकेपर्यंत जिभेला साखर लावायची नाही. घरातही गोडाचा कण नाही."

"वा गं! नेम तुझा आणि उपास माझा?"

"संसार एकच आहे ना, हार्लन."

बगळे म्हणजे गावातल्या कॉलेजचा फुटबॉल संघ, तोही चेंडू हातात धरून पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा. कुणा पूर्वजाला तळ्याकाठचे बगळे देखणे वाटले असावेत. पण या संघाने त्या पक्ष्याचा एकच गुण उचलला होता. चेंडू हाती आला, की एका पायावर उभं राहून विचार करायचा. तोवर समोरचे पाचजण अंगावर येऊन कोसळत.

हार्लन वर्षानुवर्षं मैदानावरचा गुणफलक चालवत आला होता. पाहुण्यांच्या बाजूचे दिवे दोनदा बदलून झाले होते. घरच्या बाजूचे अजून पहिलेच होते. पण यंदा प्राचार्यांनी जाहीरच केलं होतं, की एकही विजय मिळाला नाही तर संघ बंद. आर्डिसबाईंनी नेम धरला तो त्यामुळेच. धान्याच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून हार्लनला त्या फलकाखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं. तोही गेला, तर हा माणूस मिनेसोटाच्या हिवाळ्यात खिडकीशी बसून बर्फाशी बोलायला लागेल, हे त्यांना दिसत होतं.

पास्टर लुंडीन यांना नेमाची बातमी लागली तेव्हा ते हळूच म्हणाले, "आपल्यात नवस बोलत नाहीत, आर्डिस."

"नवस कुठला हो, पास्टर? देवाला नुसती आठवण."

आता खरी अडचण अशी, की दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात संघाचं जेवण असे आणि शेवटी आर्डिसबाईंच्या हातचा सफरचंदाचा केक. तो खायला लोक शेजारच्या गावातून येत. पण नेम म्हटला की नेम! मिश्रणात बोट बुडवून ते चाटणंही आलं नाही. "हाताला सवय आहे," असं म्हणत त्या अंदाजाने केक करू लागल्या. साखर संपली तेव्हा हार्लनने दुकानाच्या सेलमधून भलंमोठं पोतं आणून चर्चच्या तळघरातला डबा गच्च भरला आणि पोतं तिथल्याच जिन्याखाली ठेवलं. निम्म्या किमतीत मिळालं म्हणून आठवडाभर तो स्वतःवर खूश होता.

शुक्रवारी संघाचा कप्तान, दाराच्या चौकटीएवढा रुंद ट्रेव्हर नीमी, पहिला घास घेऊन जरा थबकला.

"कसा झालाय रे?" आर्डिसबाईंनी विचारलं.

"वाईट नाही, मिसेस टॉलेफसन."

त्या गावात याहून मोठी स्तुती नाही. लग्नाच्या मागणीलाही मुली तेवढंच म्हणत.

"मग आणखी घे."

"नको, नको."

"अरे, घे की."

"खरंच नको, पोट भरलं."

"एवढुसा!"

"बरं, एवढुसा द्या."

दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, ही तिथली रीत. तिसऱ्या आग्रहालाही नकार देणं म्हणजे यजमानिणीच्या तोंडावर दार आपटणं. त्यामुळे त्या टेबलावरून कुणाचीच सुटका झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बगळे हरले. पुढच्या शनिवारी त्याहून वाईट हरले. प्रत्येक खेळीआधी पोरं पोटावर हात धरून वाकत. कोच डेल व्हिटकम यांना वाटलं, भेदरलेत. त्यांनी पळवून पळवून घाम काढला. आर्डिसबाईंना वाटलं, अशक्त झालेत. त्यांनी केक दुप्पट केला. जितका केक वाढला, तितकी हार वाढली, आणि जितकी हार वाढली, तितका केक.

एका सामन्यात तर ट्रेव्हरच्या हाती चेंडू आला आणि तो सुसाट पळाला. सगळं गाव उभं राहिलं. पण तो प्रतिस्पर्ध्यांच्या रेषेकडे वळलाच नाही. मैदान ओलांडून, कुंपणाचं दार ढकलून, तो थेट प्रसाधनगृहात घुसला. चेंडूही आतच. कोणती शिट्टी वाजवावी हे पंचांना कळेना.

"मी काय लिहू फलकावर?" हार्लन घरी येऊन म्हणाला. "आत गेला, असं लिहू?"

आर्डिसबाईंना हसू आलं नाही. त्या रात्री त्या बराच वेळ गुडघ्यांवर होत्या. 'देवा, माझ्याच नेमात काही कमी पडतंय का?' त्यांनी सकाळचं लोणीही सोडलं. हार्लनने जड मनाने कोरडा टोस्ट चावला.

असं करता करता नोव्हेंबर उजाडला आणि एकच सामना उरला. तोही शेजारच्या काउंटीतल्या धिप्पाड पोरांशी. हार्लनने गुणफलकाची किल्ली आधीच पुसूनबिसून पाकिटात घातली होती, परत करायची म्हणून. ते पाहून आर्डिसबाई स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत राहिल्या.

रात्री बर्फ पडणार म्हणून पाहुण्यांची बस सामन्याच्या आदल्या दिवशीच, शुक्रवारी, आली आणि त्यांना चर्चच्या तळघरात उतरवलं. जेवायला दोन संघ, आणि केक मात्र एकापुरते! आर्डिसबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"पाहुण्यांना द्या!" ट्रेव्हर ओरडलाच. "सगळे द्या! आम्हाला नको."

"अरे, एवढुसा तरी..."

"नको!"

"तिसऱ्यांदा विचारतेय रे."

"पाहुणा आधी, मिसेस टॉलेफसन. बायबलात आहे," ट्रेव्हर म्हणाला. मागे सगळा संघ जोरजोरात माना हलवत होता.

आर्डिसबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हरून हरून पोरं किती मोठ्या मनाची झाली होती! त्यांनी एक केक उद्यापनाच्या वेड्या आशेने बाजूला ठेवला आणि बाकीचे पाहुण्यांना पोटभर वाढले. तेही सभ्य घरचे होते. तिसऱ्या आग्रहाला कुणी नाही म्हटलं नाही.

शनिवारी मैदानावर अक्रीत घडलं. पाहुण्यांचे ते डोंगर एकामागून एक वाकू लागले. अर्धा संघ कुंपणाच्या दारापाशी रांगेत होता. उरलेल्यांना ओलांडून बगळ्यांनी एकदाच, कसाबसा, चेंडू दांड्यांमधून वर मारला. त्या एका लाथेचे गुण तीन. तीन-शून्य. घरच्या बाजूचा दिवा लागेचना. हार्लनने फलकाला बुक्की मारली, तेव्हा लागला. मग तो माणूस टोपी काढून बर्फात नुसताच उभा राहिला.

संध्याकाळी तळघरात सगळं गाव जमलं. प्राचार्यांनी संघाला आणखी एक वर्ष दिलं. आर्डिसबाईंनी प्रार्थना करून राखलेला केक कापला आणि कित्येक आठवड्यांनी पहिला गोड घास तोंडात घातला.

ट्रेव्हर स्वतःच्या बुटांकडे पाहू लागला.

घास थंडगार होता, कडवट होता, आणि औषधाच्या दुकानासारखा लागत होता. आर्डिसबाईंनी तो सावकाश गिळला.

"हार्लन, ती साखर कसली आणली होतीस तू?"

"मधुमेहवाल्यांची. साखरच ती, फक्त साखर नसलेली," हार्लन म्हणाला. "दुकानदार म्हणाला होता, फार खाऊ नका, पोट धुऊन निघतं. पण आपण कुठे खाणार होतो? तुझा तर नेम!"

"ट्रेव्हर, सगळे आठवडे असाच होता?"

"हो, मिसेस टॉलेफसन."

"मग बोलला का नाहीस रे?"

"वाईट नव्हता," तो पुटपुटला.

आर्डिसबाई पास्टरांना ओढतच जिन्याखालच्या पोत्यापाशी घेऊन गेल्या. "सगळे सामने मीच हरवले हो! आणि जिंकला तोही अधर्माने. घरी आलेल्या पाहुण्यांना मी... आता प्रायश्चित्त सांगा. काय वाट्टेल ते सांगा."

पास्टर लुंडीन यांनी आसपास कुणी ऐकत नाही ना, ते पाहून घेतलं. तिकडे हार्लन कुणाला तरी तिसऱ्यांदा सांगत होता, की तो दिवा कसा लागला.

"आर्डिस," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्या पोत्यात अजून किती उरली आहे?"